गेटचा खांब, काळं पाणी आणि घंटागाडी: पाच महिन्यांच्या नोंदी

नाशिकच्या इंदिरानगरात आमची रो-हाऊसची गल्ली आहे. रुंदी जेमतेम साडेअकरा फूट, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला बावीस वर्षं काढली, त्यामुळे काही बिघडलं की मोजून लिहून ठेवायची खोड आहे. मोजायला मात्र मी उशिराच लागलो. ते पुढे येईलच. घंटागाडीने तुमचं काही तोडलं किंवा दारात सांडवलं असेल आणि ते कागदावर सिद्ध करायचं असेल, तर माझ्या चुका तेवढ्या वाचा, निदान त्या तरी पुन्हा होणार नाहीत.

११ सप्टेंबर २०२४, बुधवार

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. घरात बावीस पानं उठायची होती. सकाळी घंटा वाजली, बादली ठेवून मी पुरणाचं ताट उचलायला आत गेलो तोच धप्प आवाज. बाहेर येईपर्यंत गाडी वळणावर पोचली होती. गेटचा उजवा खांब तळाशी चिरलेला आणि हाताने ढकलला तर हलतोय. गेटसमोरच्या शहाबादी उतारावर काळपट पाणी, वर माश्या. पाच पावलांवर ड्रेनेज चेंबरचं झाकणही मधोमध तडकलेलं दिसलं.

पहिली चूक इथेच झाली. पाहुणे यायचे होते, म्हणून शेजारच्या आजींनी आणि आमच्या हिने मिळून दोन बादल्या पाणी ओतून सगळं झाडून काढलं. फोटो नाही, मोजमाप नाही, खांबावरून पडलेले रंगाचे तुकडेसुद्धा गटारात गेले. मी तिथेच उभा राहून खराटा हातात देत होतो.

१२ सप्टेंबर

पाणी गेलं, डाग राहिला. दुकानातून टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणलं, ४० रुपये. ओतल्याबरोबर फरशीवर फेस आला. मला वाटलं मळ निघतोय. निघत होती फरशी. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळून ठेवलं की जो पांढरा डाग पडतो आणि कधीच जात नाही, तोच हा प्रकार, फक्त पन्नास पट. कचऱ्याचं पाणीही मुळात आंबटच असतं, ते दगडाची चकाकी खातं. त्याने जेवढं खाल्लं नसेल तेवढं मी पाच मिनिटांत खाल्लं. आता उतारावर दोन प्रकारचे डाग आहेत, एक त्यांचा आणि एक माझा, आणि माझा मोठा आहे.

शहाबादी, कोटा, कडप्पा यांवर ॲसिड नाही. भांड्याचा साबण, गरम पाणी आणि प्लास्टिकचा ब्रश, बस्स.

१४ सप्टेंबर

समोरच्या जोशींच्या कॅमेऱ्यात गल्ली दिसते. त्यांच्याकडे रेकॉर्डिंग सात दिवसच राहतं, आठव्या दिवशी जुन्यावर नवं चढतं, म्हणून आज धावपळ. एक तास गेला तो डीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड शोधण्यात. तो त्यांच्या मुलाकडे, मुलगा पुण्यात, आणि मुलाचा फोन बंद.

उघडलं तर ११ तारखेला ८ वाजून ४७ मिनिटांनी गाडी दिसते. घंटा तर आमच्याकडे सव्वाआठच्या सुमारास वाजते. डीव्हीआरचं घड्याळ २३ मिनिटं पुढे होतं. मोबाईलचं घड्याळ आणि डीव्हीआरचा पडदा एकाच फोटोत येतील असा फोटो काढून ठेवला. हे आज केलं नसतं तर पुढे कुणीही म्हणालं असतं की त्या वेळी आमची गाडी दुसऱ्या गल्लीत होती.

चित्रात गाडीचं वरचं टप दिसतं, खांबाजवळ ती एकदा थबकते, मागचा भाग आमच्या बाजूला झुकतो. नंबर प्लेट दिसत नाही, सकाळचं ऊन थेट कॅमेऱ्यात. पेनड्राइव्हवर फाईल घेतली तर घरच्या कॉम्प्युटरवर उघडेना, त्या कंपनीचं स्वतःचं प्लेअर लागतं. पुन्हा जाऊन डीव्हीआरमध्येच दुसऱ्या फॉरमॅटचा पर्याय निवडून घेतली. एकूण चार तास.

१६ सप्टेंबर

आज टेप आणि खडू घेऊन बसलो. खांबावरचा ओरखडा जमिनीपासून १०४ सेंटिमीटरवर सुरू होतो आणि १११ वर संपतो, रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यावर. कडेला गंजासारखा तांबूस रंग लागलेला. तळाची चीर वेगळी, ती धक्क्याने आली आहे. म्हणजे गाडीने वर ढकललं, खांब खाली तुटला.

सकाळी रोजची गाडी आली. मदतनीस पोरगा ओळखीचा, त्याला विचारून मोजलं. पुढचा बंपर ५५, बाजूच्या पत्र्याची कड १२८, मागचं फाळकं ७२. १०४ ते १११ मध्ये गाडीवर काहीच नाही.

"काका, आमची गाडी त्या दिवशी नव्हतीच," पोरगा म्हणाला.

मी म्हणालो, "मग काय विमान आलं होतं का?" आणि तो गप्प झाला. हे वाक्य मुद्दाम इथे लिहून ठेवतोय.

१९ सप्टेंबर

परवा गणपती गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पोचवले, कालचा दिवस झोपेत गेला. आज डागांच्या मागे.

कचऱ्याचं पाणी रोजच थोडं पडतं, ११ तारखेला फक्त जास्त पडलं होतं. कुठे पडतं ते बघायला गाडी थांबते त्या जागी मागच्या बाजूखाली जुने पेपर पसरले. पोरगा हसला पण थांबला. गाडी उभी असताना दोन-चारच थेंब. निघाली आणि फर्रकन ओघळ आला. ब्रेक लावला की आतलं पाणी पुढे जातं, गाडी सुटली की मागे येऊन फाळक्यावर आदळतं, आणि फाळक्याला जिथे फट असेल तिथून बाहेर. म्हणून डाग नेहमी गाडी जिथे थांबून निघते तिथेच, चालत्या रस्त्यावर नुसते ठिपके. आमच्या गल्लीत थांबे सहा, मोठे डाग सहा. आमचा गेट तिसरा.

ओघळ डाव्या खालच्या कोपऱ्यातूनच आला. वाकून पाहिलं तर फाळक्याची रबरी पट्टी तिथे चार बोटं झिजून गेलेली, आणि पाणी काढायच्या नळीला बूच म्हणून कापडाचा बोळा. फोटो काढले, या वेळी शेजारी टेप ठेवून.

पेपरचा आणखी एक उपयोग. कोणताही डाग ओला असताना त्यावर पेपर दाबा आणि अर्ध्या तासाने उजेडासमोर धरा. पाणी असेल तर वाळून जातं, तेल असेल तर कागद पारदर्शक होतो. आमच्या भिंतीलगत एक डाग तेलाचा निघाला. मला वाटलं, सापडलं! गाडी उचलायच्या हायड्रॉलिकचं तेल गळतंय.

२० सप्टेंबर

महापालिकेत लेखी तक्रार दिली. पाण्याचे सहा डाग, खांब, चेंबरचं झाकण आणि हायड्रॉलिक गळती. पोच घेतली, शिक्का आणि आवक क्रमांकासह. ॲपवर टाकलेली तक्रार चार दिवसांत बंद झालेली दिसते, कागदावरची बंद होत नाही, हा माझा अनुभव.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि मनातलं सगळं लिहिलं: गाडीची देखभाल, चालकाचं नाव, जीपीएस, ठेक्याच्या अटी, दंड किती वसूल केला, झाकण कुणी बसवलं. दोन पानं झाली. लिहिताना फार बरं वाटलं.

२७ सप्टेंबर

स्वच्छता निरीक्षक आले, सोबत मुकादम. माणूस शांत. पाण्याचे डाग पाहिले, फोटो पाहिले, पट्टी बदलायला सांगतो म्हणाले. मग तेलाच्या डागापाशी उकिडवे बसले आणि विचारलं, "ही मोटारसायकल कुणाची?"

माझी. डाग स्टँडच्या बरोबर आत, भिंतीपासून दीड फुटावर. तिथे घंटागाडीचं चाक जाऊच शकत नाही. आणि हायड्रॉलिकचं तेल फिकट असतं, हे काळं कुळकुळीत. इंजिन ऑइल. ड्रेन नटचा वॉशर गेला होता, १५ रुपये. बावीस वर्षं क्वालिटीत काढून मी डागाचा रंग बघितला नाही, कारण काय निघायला हवं ते आधीच ठरलं होतं.

मुकादम काही बोलला नाही, पण त्यानंतर खांबाबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलला. तक्रारीतलं एक कलम खोटं निघालं की बाकीची तीनही हलकी होतात. डाग काढायला लाकडाचा भुसा रात्रभर टाकून ठेवला, निम्मा गेला.

४ ऑक्टोबर

माहिती अधिकाराचं उत्तर: अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा हवा. हा महाराष्ट्राच्या नियमांतला २०१२ चा बदल आहे. मला माहीत नव्हता, माहीत असायला हवा होता. दोन आठवडे पाण्यात.

७ ऑक्टोबर

दुसरा अर्ज, ६१ शब्द. रोजच्या गाडीचा नंबर लिहून तिची ११ सप्टेंबर सकाळी ८ ते ९ ची जीपीएस नोंद मागितली. मुदत ३० दिवस.

२४ ऑक्टोबर

गाडीची रबरी पट्टी बदलली, नळीला खरं बूच आलं. पेपर पसरून पाहिलं, सुटताना चार थेंब. हे काम पाच महिन्यांत सगळ्यात सोपं निघालं आणि ते झालं फक्त टेप शेजारी ठेवलेल्या तीन फोटोंवर. माझ्या शब्दांवर नाही.

यातून घरातही एक गोष्ट कळली. ओल्या कचऱ्याची आमचीच बादली तिरपी करून मापात ओतली तर तळाशी पाऊण लिटर पाणी. ताकाचं, भाजी धुतल्याचं, आमटीचं. गल्लीत चाळीस घरं. हिने जुनी चाळणी बादलीवर ठेवली आणि मला म्हणाली, "निरीक्षकांना हेही दाखवायचं होतंत."

११ नोव्हेंबर

मुदत ६ तारखेला संपली होती. विधानसभेच्या निवडणुका, २० तारखेला मतदान, कार्यालयातले अर्धे लोक ड्युटीवर. मुदत संपली की पहिलं अपील करता येतं, आपल्याकडे त्याची फी २० रुपये, आणि उशिरा दिलेली माहिती मोफत द्यावी लागते असं कलम ७(६) सांगतं. मी अपीलाचा कागद लिहून ठेवला होता, तेवढ्यात उत्तर आलं. झेरॉक्सचे चार रुपये मागितले. चार रुपयांसाठी वाद घातला नाही.

उत्तर: सदर वाहन दि. १० ते १३ सप्टेंबर दुरुस्तीसाठी कार्यशाळेत होते.

पहिल्यांदा डोकं तापलं. मग १६ तारखेची नोंद काढून वाचली. पोरगा हेच सांगत होता. सणाच्या आठवड्यात निर्माल्य, केळीचे खुंट, पत्रावळी, कचरा दुप्पट, आणि त्यातच रोजची गाडी बिघडलेली, म्हणून दुसरीकडची बदली गाडी आली होती. बदली गाडी म्हणजे नवा चालक. त्याला आमचं वळण माहीत नव्हतं. मी दोन महिने चुकीच्या गाडीच्या मागे होतो आणि सरकारी कागद मागून तेच सिद्ध करून घेतलं.

१४ नोव्हेंबर

तिसरा अर्ज. या वेळी गाडीचा नंबर लिहिलाच नाही. मार्ग लिहिला: आमची गल्ली ज्या मार्गावर येते त्या मार्गावर १० ते १३ सप्टेंबर या काळात गेलेल्या सर्व कचरा संकलन वाहनांचे क्रमांक आणि वेळ. ३२ शब्द. पहिल्या दिवशी हाच अर्ज केला असता तर ऑक्टोबरमध्ये हातात उत्तर असतं. गाडी बदलते, मार्ग बदलत नाही.

पोरगा सकाळी भेटला. त्याला म्हणालो, तू बरोबर होतास रे. तो म्हणाला, "कशाबद्दल काका?" त्याच्या लक्षातही नव्हतं, किंवा त्याने तसं दाखवलं.

१० डिसेंबर

उत्तर आलं, मुदतीत. बदली गाडीचा नंबर आणि वेळ. आमच्या गल्लीजवळची नोंद ८ वाजून २५ मिनिटं. कॅमेऱ्यातले ८:४७ वजा २३ म्हणजे ८:२४. एका मिनिटाचा फरक. संध्याकाळी जोशींकडे जाऊन त्यांना हा हिशेब दाखवला, चहा झाला.

१३ डिसेंबर

मुकादमाला फोन करून सांगितलं, गाडी मोजायची आहे. तो स्वतः घेऊन गेला, याचं श्रेय त्याला. गाड्या उभ्या करतात त्या मैदानात पहाटे साडेपाचला पोचलो, थंडी मरणाची, डिसेंबरातलं नाशिक.

गाडी रोजच्या गाडीपेक्षा हातभर लांब. मागच्या चाकांच्या मागे बॉडी बरीच बाहेर आलेली. अशी गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा मागचा डावा कोपरा डावीकडे बाहेर फेकला जातो, चालक पुढे बघत असतो. चालकाच्या डोळ्यांसमोर गाडी खांबापासून दोन फूट लांब असते, मागे ती खांबाला लागलेली असते. फाळकं अडकवायचा आकडा १०७ सेंटिमीटरवर, आतल्या बाजूला वाकलेला, आणि त्याच्या खाचेत फिकट गुलाबी प्लास्टर. आमचा गेट गुलाबी आहे. हिने २०१९ साली निवडलेला रंग, मला कधीच आवडला नव्हता.

फोटो काढला, टेपसह. मुकादम म्हणाला, "आता कुणी नाही म्हणणार नाही."

१७ डिसेंबर

विभागीय कार्यालयात बैठक. निरीक्षक, ठेकेदाराचा सुपरवायझर, मी. एकाच कागदावर सगळं: कॅमेऱ्याची वेळ, घड्याळाच्या फरकाचा फोटो, जीपीएस वेळ, दोन उंच्या, आकड्याचा फोटो. गवंड्याचं कोटेशन ६,८०० रुपये, त्यात खांब पाडून पुन्हा, सळया, गेटची बिजागरी.

सुपरवायझरने आधी विमा सुचवला. बदली गाडीचा विमा चालू असल्याचं मी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून आधीच पाहिलं होतं. तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीला विम्यात साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, पण मालकाने हप्ता वाचवायला ते सहा हजारांवर आणलेलं असू शकतं. आणि ते पैसे घ्यायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. ६,८०० साठी वकील लावणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. मी म्हणालो, गवंडी तुमचा पाठवा, मला पैसे नकोत. या वाक्याने काम झालं. पैसे द्यायचे तर त्याला वर कुठेतरी मंजुरी लागली असती, माणूस आणि सिमेंट पाठवायला कुणाला विचारावं लागलं नाही.

शहाबादी उताराबद्दल त्यांनी विचारलं. दोन फरश्या गेल्यात, पण त्यातली एक मी ॲसिडने घालवली, असं सांगितलं. हिने घरी आल्यावर विचारलं, सांगायची काय गरज होती. तेलाच्या डागानंतर ती चैन मला परवडणारी नव्हती.

९ जानेवारी २०२५

खांब उभा. तीन दिवस लागले, गवंडी एक दिवस आलाच नाही. खांब आठ इंच आत घेतला, गेट थोडं लहान झालं, पण गल्लीतल्या वळणाला जागा मिळाली. हे मीच सुचवलं. गेटची बिजागरी त्यांनी जुनीच वापरली, कुरकुरते.

माझ्या खिशातून गेलं ते: ॲसिड ४०, तिकिटं तीन अर्जांची ३०, झेरॉक्स ४, पेनड्राइव्ह ३५०, वॉशर १५, दोन फरश्या बसवून १,१००. वेळ मोजला नाही, मोजला तर ही चिडेल.

३ फेब्रुवारी

चेंबरच्या झाकणाचं काहीच सिद्ध झालं नाही. कॅमेऱ्यात ते झाकण गाड्यांच्या आड येतं. चौकट आधीपासूनच खालून पोकळ झाली होती, पाय ठेवला की डुगडुगायचं, आणि शेवटची गाडी कोणती होती हे कुणी सांगू शकत नाही. पाण्याचा टँकर असू शकतो, कोपऱ्यावरच्या बांधकामाचा ट्रॅक्टर असू शकतो. तक्रारीतून ते कलम मी डिसेंबरमध्येच काढून टाकलं होतं, आणि वेगळा अर्ज दिला होता: कुणी तोडलं ते राहू द्या, झाकण बदला. आज बदललं. या वेळी चौकटीखाली काँक्रीट भरून घेतलं, तिथे उभा राहिलो होतो.

जाताना जोशींकडे डोकावलो. त्यांच्या डीव्हीआरचं घड्याळ जानेवारीत मी बरोबर लावून दिलं होतं. पुन्हा चार मिनिटं पुढे गेलंय.